क्लच पेडल खाली चिकटते: वॅगन-आर, इंदूर. गिअरबॉक्स उतरवायलाच हवा का?

राजेंद्रनगरी

गाडी वॅगन-आर, 1.0 लिटर पेट्रोल, 2013 ची, 78,000 किमी झालेली. क्लच वायरवाला आहे, हायड्रॉलिक नाही. क्लच प्लेट आणि वायर दोन्ही कंपनीतून आलेलीच आहेत.

सकाळी गाडी थंड असताना पेडल व्यवस्थित वर येते. पलासियाहून राजवाड्याकडे अर्धा-पाऊण तास थांबत-चालत गेले की पेडल जड व्हायला लागते. पूर्ण दाबून पाय उचलला की तळापासून दोनेक इंचांवर क्षणभर अडकते आणि मग खट्कन वर येते. पुढचे गिअर नीट पडतात, रिव्हर्स टाकताना मात्र कधीकधी कर्र आवाज येतो. चढावर गाडी ओढायला कमी पडत नाही, जळका वासही नाही. स्टार्टर हल्ली थोडा जड फिरतो, पण बॅटरी चार वर्षांची आहे, त्यामुळे ते वेगळे दुखणे असावे.

एका गॅरेजमध्ये गाडी पाहून सांगितले की गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि ती सोडवणारे रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलावा लागेल. दुसरीकडे म्हणाले, वायरमध्ये तेल सोडा, सुटेल. जाणकारांनी सांगावे, आधी काय तपासू? तेल सोडू का?

पाना_10

तेल सोडू नका आणि गिअरबॉक्सही अजून उतरवू नका. पेडल चिकटते तेव्हा दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो: पायाशी पेडलच्या सांध्यात, मधल्या वायरमध्ये, किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला लिव्हर आणि त्याच्या आतल्या भागांत. वायर लिव्हरपासून सोडली की हे तिन्ही भाग वेगळे होतात आणि प्रत्येक हाताने हलवून बघता येतो. तासाभराचे काम आहे, आणि ते न करता सेट बदलायला सांगणे म्हणजे अंदाज. असे बरेचदा होते की नवा सेट बसतो, जुनीच वायर परत लागते आणि पेडल आठवड्यात पुन्हा चिकटते.

सगळ्यात आधी पायाखालची मॅट काढा. दोन मॅट एकावर एक असतील किंवा जाड कडांची मॅट पुढे सरकली असेल, तर पेडल तिच्यात अडकते. तुमचा त्रास गरम झाल्यावरच होतो म्हणजे मॅट नसावी, पण अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आता टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बघा. पेडलच्या वरच्या टोकाला हूक असतो, त्यात वायरचे टोक बसते. हूक झिजून खाच पडली असेल तर वायर त्या खाचेत तिरकी अडकते. पेडल ज्या पिनवर फिरते तिथे नायलॉनचे बुश (पिनभोवतीच्या छोट्या नळ्या) असतात. पेडल हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. ठळक खडखड लागली तर बुश गेले. रिटर्न स्प्रिंग जागेवर आहे ना, तेही बघून घ्या.

मग बोनेट उघडा. एअर फिल्टरचा डबा बाजूला केला की गिअरबॉक्सवर लिव्हर दिसतो, त्यात वायरचे आटे असलेले टोक आणि अ‍ॅडजस्टिंग नट. सोडण्याआधी नटच्या बाहेर किती आटे दिसतात त्याचा मोबाईलवर फोटो काढा, परत लावताना उपयोगी पडेल. नट फिरवताना वायरचे टोक पकडीने धरा. टोक नटाबरोबर फिरले तर आतली वायर पिळते, आणि पिळलेली वायर बरी असली तरी खराब होते.

वायर सुटली की पाळीपाळीने तीन गोष्टी बघा.

पेडल: हाताने वर-खाली करा. कुठेही अडखळता कामा नये. इथेच अडकले तर दोष पायाशी आहे. बुश आणि ग्रीसवर काम भागेल.

वायर: एकाने आत पेडलपाशी टोक धरावे, दुसऱ्याने बोनेटमध्ये, आणि आळीपाळीने ओढावे. चांगली वायर एका हाताने गुळगुळीत सरकते. करकर लागणे, एका जागी अडणे, टोकाशी तुटलेले तार दिसणे, बाहेरच्या आवरणाला चीर किंवा मऊ पडलेला भाग, यांपैकी काहीही दिसले तर वायर बाद. ही तपासणी गाडी चालवून आणल्यावर, इंजिन गरम असतानाच करा (सायलेन्सरच्या पाइपला हात लागू देऊ नका). थंड वायर तुम्हाला फसवेल.

लिव्हर: हाताने ढकला. आधी थोडी मोकळी चाल, मग बेअरिंग प्रेशर प्लेटला टेकल्याचे कळेल. त्यापुढे हाताने जाणार नाही, पाइप घालून जोर द्यावा लागतो. सोडल्यावर लिव्हर ताबडतोब परत यायला हवा. सावकाश, रेंगाळत आला तर लिव्हरच्या शाफ्टचे बुश सुकले आहेत किंवा आत बेअरिंगची नळी अडते आहे. मगच गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार.

तेलाबद्दल. आजच्या वायरींच्या आवरणात आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते, ती कोरडीच चालायला बनवलेली असते. तेल सोडले की दोन-चार दिवस हलके वाटते. मग त्याच तेलावर धूळ बसते आणि आत काळा चिखल तयार होतो. वायर शेकड्यातली वस्तू आहे, सेट हजारांतला. वायरवर शंका आली की ती बदलायची, तिची मलमपट्टी करायची नाही.

प्लेटची तपासणीही करून टाका. सपाट मोकळ्या जागी, पुढे कुणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, चौथा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन धक्का देऊन बंद पडले तर प्लेट पकडते आहे. इंजिन गुरगुरत चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. एकदाच करा, वारंवार केल्याने चांगली प्लेटही तापते.

निमाडकर_41

चांगला धागा आहे. माझी होंडा सिटी हायड्रॉलिक आहे. तिचेही पेडल अधूनमधून तळाशी राहते, पायाच्या बोटांनी उचलावे लागते. दोन-तीनदा पंप केले की ठीक. यातले काही लागू पडते का?

महूकर

निमाडकर, तुमच्याकडे वायर नाही, तिच्या जागी तेल आहे. पंप केल्यावर पेडल सुधारते याचा अर्थ लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलशी जोडलेल्या, तेल ढकलणाऱ्या पंपाचे) रबर सील आतून सोडते आहे. आधी तेलाची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो आणि क्लचची नळी डब्याच्या वरच्या भागातून निघते, म्हणजे पातळी उतरली तरी ब्रेकसाठी तेल शिल्लक राहते. म्हणून तेल कमी झाले की पहिली तक्रार क्लच करतो. पण नुसते भरून थांबू नका. तेल कुठे गेले ते शोधा.

गळतीच्या जागा दोन. पायाशी, जिथे पेडलचा रॉड मास्टर सिलिंडरमध्ये जातो, तिथे बोट फिरवा. कार्पेट ओले किंवा रॉड चिकट असेल तर मास्टर गेला. दुसरी, गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरची (तेलाच्या दाबाने लिव्हर ढकलणाऱ्या भागाची) रबरी टोपी हळूच उचलून बघा. आत ओल दिसली तर स्लेव्ह गेला. दोन्हीकडे कोरडे असूनही पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टरचे सील आतल्या आत तेल सोडते आहे. ते बाहेर दिसत नाही. काही गाड्यांत स्लेव्ह बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कव्हरच्या) आत, बेअरिंगला जोडूनच असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

पेडल बोटांनी उचलावे का लागते, तेही सांगतो. पुष्कळ हायड्रॉलिक पेडलांना एक मदतीची स्प्रिंग असते. पेडल अर्ध्याच्या खाली गेले की ती खाली दाबायला मदत करते, वर आले की वर ढकलते. एरवी प्रेशर प्लेटचा जोर तेलामार्फत पेडलला वर आणतो आणि ही स्प्रिंग उलटी फिरते. तेलात हवा असली की तो परतीचा जोर पोचत नाही आणि तीच स्प्रिंग पेडलला खाली धरून ठेवते. त्यामुळे स्प्रिंग बदलून काही होणार नाही.

हवा काढायला दोन माणसे लागतात. डब्याच्या झाकणावर लिहिलेलेच तेल घ्या, डॉट 3 किंवा डॉट 4, आणि सीलबंद डब्यातले. उघडून महिनोन्‌महिने पडलेली बाटली नको, कारण हे तेल हवेतली ओल ओढून घेते. कोरड्या डॉट 3 चा उकळबिंदू किमान 205 अंश असतो, ओल शोषल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. साधारण दोन वर्षांनी तेल बदलायचे ते याचसाठी.

स्लेव्हच्या निपलवर (हवा काढायच्या छोट्या स्क्रूवर) पारदर्शक नळी चढवा, दुसरे टोक थोडे तेल घातलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेल्याने पेडल सावकाश पूर्ण दाबून धरावे. बाहेरच्याने निपल पाव फेरा उघडावा, बुडबुडे आणि तेल येऊ द्यावे, निपल बंद करावे, आणि मगच पेडल सोडायला सांगावे. निपल उघडे असताना पेडल वर आले की तीच हवा पुन्हा आत ओढली जाते. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दर चार-पाच वेळांनी डबा भरा, रिकामा होऊ देऊ नका. स्वच्छ तेल बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत हे करायचे. अर्धा लिटरचा डबा पुरतो. तेल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो. आणि या डब्यात इंजिन ऑइल कधीही घालू नका, रबर सील फुगतात आणि ब्रेकचाही डबा तोच असेल तर ब्रेकही जातात.

हवा काढून दोन दिवसांत पुन्हा तेच झाले तर मास्टर बदला. आणि पेडल खाली न राहता नुसते सावकाश वर येत असेल, तर मधला रबरी होज बघा. तो आतून सुजला की तेल जोराने पुढे जाते पण परत यायला वेळ लावते. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, त्यामुळे सगळ्यांच्या नजरेतून सुटतो.

हे होईपर्यंत सिमरोलचा किंवा मानपूरचा घाट टाळा.

राजेंद्रनगरी

पाना_10, तुम्ही सांगितल्याप्रमाणे गरम गाडीवर तपासले. वायर सोडल्यावर पेडल मोकळे आहे, बाजूची खडखड नाही. लिव्हर पाइप घालून ढकलला, सोडताच परत येतो. वायर मात्र करकरते, आणि बोनेटमधल्या वळणापाशी स्पष्ट अडते. त्या जागी बाहेरचे काळे आवरण मऊ पडून चकाकते आहे. आतल्या तारेवर तिथे निळसर-तपकिरी डाग आहे. सायलेन्सर मात्र त्या जागेपासून बराच लांब आहे. चौथ्या गिअरच्या चाचणीत इंजिन लगेच बंद पडले. म्हणजे फक्त वायर बदलू?

पाना_10

वायर बदलायचीच. पण थांबा, निळसर डाग महत्त्वाचा आहे. सायलेन्सर लांब असताना तार निळी पडते म्हणजे ती विजेने तापली आहे. आणि तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये स्टार्टर जड फिरतो असे लिहिले होते. हे दोन्ही एकच दुखणे असण्याची शक्यता मोठी आहे.

होते असे. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेले असते, म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-गिअरबॉक्सला वेगळी जाड अर्थची केबल दिलेली असते. तिचे टोक गंजले किंवा नट सैल झाला की स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. बॉडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी धातूची वस्तू कोणती, तर क्लचची वायर, अ‍ॅक्सिलरेटरची वायर, गिअरच्या केबल. दर स्टार्टला त्या हीटरच्या कॉइलसारख्या तापतात आणि आतले अस्तर वितळते. तुम्ही नवी वायर टाकली आणि अर्थ तसाच ठेवला, तर काही महिन्यांत तीही जाईल.

मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको, खुद्द खांबावर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला दोन-तीन सेकंद स्टार्टर फिरवायला सांगा. 0.2-0.3 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. मग तेच बॉडीवर मोजा, म्हणजे कुठला जोड खराब आहे ते कळेल.

राजेंद्रनगरी

मोजले. इंजिनवर 1.4 व्होल्ट. गिअरबॉक्सकडच्या अर्थच्या लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरा गंज आहे आणि केबल आवरणाच्या आत काळी पडली आहे. बॅटरीचा खांब मात्र स्वच्छ आहे.

पाना_10

झाले, मूळ सापडले. आता क्रम असा ठेवा: आधी अर्थ, मग वायर.

अर्थची केबल आतपर्यंत काळी पडली असेल तर नुसते टोक घासून भागणार नाही, पूर्ण केबल बदला. मूळच्या जाडीचीच घ्या, बारीक नको. बॅटरीचा निगेटिव्ह काढून काम सुरू करा. गिअरबॉक्सवर जिथे लग बसतो ती जागा एमरी पेपरने चकचकीत करा, लग घट्ट आवळा, वरून थोडे पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतर बाहेरून, मध्ये नाही. पुन्हा मोजा. आकडा खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्लचची वायर छोटी ग्वालटोलीत मिळेल. जुनी वायर काढून हातात घेऊनच जा आणि चेसिस नंबर सांगा. दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून बाहेरच्या आवरणाची लांबी आणि त्यातून बाहेर निघणाऱ्या तारेची लांबी जुळवा. नुसत्या गाडीच्या नावावर घेतली तर दुसऱ्या मॉडेलची वायर गळ्यात पडू शकते. सेंटिमीटरभर फरक असला तरी अ‍ॅडजस्टिंगचे आटे पुरत नाहीत.

जुनी वायर बोनेटमध्ये ओढून काढण्याआधी पेडलकडच्या टोकाला मजबूत दोरा बांधा, म्हणजे नवी त्याच वाटेने आत घेता येईल. फायरवॉलवरचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचे) रबर नीट बसवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट पायाशी येईल. वळणे जुनीच ठेवा, कुठेही तीव्र कोन नको. ग्रीस फक्त पेडलच्या हुकावर आणि लिव्हरच्या पिनवर, मटारच्या दाण्याएवढे.

आता मोकळी चाल. हाताने पेडल दाबा. अगदी हलके जाते तेवढे अंतर पट्टीने मोजा. केबलच्या छोट्या गाड्यांत ते साधारण 10 ते 25 मिमीच्या दरम्यान असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि तोच ठेवा. नट आवळत नेऊन चाल शून्यावर आणली तर पेडल छान वरच्यावर पकडते असे वाटते, पण बेअरिंग सतत फिरत राहते आणि प्लेट पूर्ण दाबली जात नाही, ती घसरून जळते. उलट चाल फार ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कर्र करतात. एकदा बसवून पेडल वीस-तीस वेळा पूर्ण दाबा. नव्या वायरचे आवरण जागेवर बसते आणि चाल वाढते. मग पुन्हा मोजून लॉक करा.

शेवटी रिव्हर्स. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारा भाग) नसतो, म्हणून गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. असे करूनही कर्र आले तर चाल अजून जास्त आहे.

महूकर

पुढे हा धागा वाचणाऱ्या ज्यांचा लिव्हरच रेंगाळतो त्यांच्यासाठी थोडे. तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. बाहेरून गंज सोडवणारा स्प्रे मारून शाफ्ट हलवला तर काही दिवस चालते, तेवढेच. एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. मजुरी तीच लागते, आणि एक जुने ठेवले की तेच आधी जाते. शाफ्टचे बुश आणि सील नवे घाला. बेअरिंग ज्या नळीवर सरकते तिच्यावर नख फिरवा; नख अडेल इतकी खाच असेल तर नळीही बदला, नाहीतर नवे बेअरिंग त्याच खाचेत अडकेल आणि पेडल पूर्वीसारखेच चिकटेल. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलपाशी ओल असेल तर तेही आत्ताच, कारण तेल प्लेटवर आले की नवा सेट वाया जातो.

इनपुट शाफ्टच्या खाचांवर ग्रीसचा पातळ थर द्या आणि जास्तीचे पुसून टाका, जास्त झाले तर फिरताना उडून प्लेटवर जाते. प्लेट मधोमध बसवायला सेंटरिंगचा दांडा वापरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळले तर कव्हर वाकते. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

राजेंद्रनगरी

अर्थची केबल बदलली, इंजिनवर आता 0.15 व्होल्ट. स्टार्टर पहिल्या झटक्याला फिरतो. नवी वायर बसवली, मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे लावली. भर दुपारी गर्दीतून फिरवून आणली, पेडल गरम गाडीवरही सरळ वर येते आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. दोघांचे मनापासून आभार.

पाना_10

उत्तम. त्याच करंटने अ‍ॅक्सिलरेटरची वायर आणि गिअरच्या केबलही तापल्या असतील, त्या गाडीत आहेत तेवढ्या हाताने ओढून बघा. कुठे करकर लागली तर आत्ताच बदला. अ‍ॅक्सिलरेटरची वायर अडकणे क्लचपेक्षा फार धोक्याचे. आणि 300-400 किमी झाल्यावर पेडलची मोकळी चाल एकदा पट्टीने परत मोजा. वायर नवी असताना ती थोडी बदलतेच.